चाकांवरचे जुने घर : खरेदीपूर्वी काय पाहावे?

घर आणि गाडी या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील दोन मोठ्या खरेद्या. मोटारहोम, म्हणजेच कॅराव्हॅन, ही या दोहोंची एकत्र खरेदी होय. साहजिकच घराचे दोष आणि गाडीचे दोष असे दोन्ही तिच्यासोबत येतात. गाडी जुनी असेल, तर या दोहोंत तिसऱ्या दोषाची भर पडते. तो म्हणजे कागदपत्रांचा दोष. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते, गळके छप्पर बदलता येते. मात्र नोंदणीतील मूळ चूक गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही. जुन्या मोटारहोमची पाहणी म्हणूनच बॉनेट उघडून नव्हे, तर नोंदणी प्रमाणपत्र उघडून सुरू करावी लागते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर या वाहनांविषयीचे कुतूहल वाढले. मात्र चाकांवरचा संसार महाराष्ट्राला नवा नाही. तमाशाचे फड आणि सर्कशी वर्षातील कित्येक महिने मोटारींमध्येच बिऱ्हाड करीत आल्या आहेत. आता ही कल्पना शहरी कुटुंबांनाही खुणावू लागली आहे. हिंगोलीसारखा जिल्हा अशा प्रवासाला सोयीचा आहे. औंढ्याचे नागनाथ ज्योतिर्लिंग, संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी, पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण ही ठिकाणे जिल्ह्यातच आहेत. पुढे नांदेड, माहूर, परळी अशी यात्रा सहज जोडता येते. मूळ गाव या भागात आणि नोकरी पुण्या-मुंबईत, अशा कुटुंबाला स्वतःचे फिरते घर असावे असे वाटणे स्वाभाविकच आहे. नव्या वाहनाची किंमत परवडत नसल्याने दृष्टी जुन्या वाहनाकडे वळते आणि खरी परीक्षा तेथेच सुरू होते.

दोन जन्मतारखा

भारतातील बहुतेक जुनी मोटारहोम कारखान्यातून त्या रूपात बाहेर पडलेली नसतात. एखादी मिनीबस किंवा व्हॅन घेऊन बॉडी बांधणाऱ्याकडून तिचे घरात रूपांतर केलेले असते. यात टेम्पो ट्रॅव्हलर विशेष आढळते. पूर्वीच्या बजाज टेम्पो कंपनीने ही गाडी १९८७ मध्ये बाजारात आणली. २००५ मध्ये या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. २००७ मध्ये आलेली टाटा विंगर आणि विविध कंपन्यांच्या लहान बसगाड्या यांवरही अशी घरे बांधली जातात.

त्यामुळे अशा वाहनाला दोन जन्मतारखा असतात. एक गाडीची, दुसरी तिच्यातील घराची. आतले फर्निचर तीन वर्षांपूर्वीचे आणि गाडी सतरा वर्षांची, असे सर्रास घडते. विक्रेता अर्थातच आतले फर्निचर आधी दाखवतो. खरेदीदाराने दोन्ही तारखा स्वतंत्रपणे विचाराव्यात. रूपांतर कोणी केले, त्याचे बिल आहे का आणि त्या बदलाची परिवहन कार्यालयात नोंद झाली का, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारलेले बरे.

कागद आधी, गाडी नंतर

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करता येत नाही. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केले. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. आसने व टेबल, झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि साठवणीची सोय या किमान बाबी असलेले वाहन म्हणजे मोटार कॅराव्हॅन, अशी त्यामागची कल्पना आहे.

यास्तव नोंदणी प्रमाणपत्रातील ‘वाहन वर्ग’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरतो. तेथे मोटार कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन अशी नोंद असेल, तर पुढे बोलावे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेनुसार बिगर-परिवहन वाहनांत मोडते. मात्र प्रमाणपत्रावर ‘बस’, ‘मालवाहू’ किंवा ‘रुग्णवाहिका’ असे लिहिलेले असून आत पलंग आणि ओटा असेल, तर ते वाहन कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरेच आहे. अशा वाहनाची तपासणी अडू शकते, नूतनीकरण नाकारले जाऊ शकते आणि अपघातानंतर विमा कंपनी भरपाईवर हरकत घेऊ शकते. ‘नंतर करून घेऊ’ या आश्वासनावर येथे मुळीच विसंबू नये. नोंद बदलून देण्याची जबाबदारी विक्रेत्याची आणि ती बदलल्यानंतरच पूर्ण रक्कम, हा क्रम सोडू नये.

त्यानंतर पुढील बाबी ताडून पाहाव्यात. चॅसी व इंजिन क्रमांक प्रमाणपत्राशी जुळतात का? चॅसीवरील अंक घासलेले किंवा भोवतीचा पत्रा नव्याने वेल्ड केलेला आहे का? इंजिन बदलले असेल, तर त्याची नोंद आहे का? आसनसंख्या प्रत्यक्षाशी जुळते का? कर्जाचा बोजा आहे का? बोजा असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ यांद्वारे तो उतरवलेला असला पाहिजे. थकीत ई-चलन, कर आणि विम्याची मुदत ही माहिती परिवहन सेवेच्या शासकीय संकेतस्थळावर वाहन क्रमांकावरून पाहता येते.

वयाचा हिशेब

बिगर-परिवहन वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. परिवहन वर्गातील वाहनाला योग्यता प्रमाणपत्र पहिल्या ८ वर्षांत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी घ्यावे लागते. खासगी वाहन ठरावीक वर्षांनी आपोआप भंगारात जाते, हा समज बरोबर नाही. तपासणीत ते उत्तीर्ण होते का, यावर त्याचे भवितव्य ठरते. मात्र वय वाढते तसा खर्चही वाढतो. १५ वर्षांहून जुन्या मोटारगाडीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाले. २० वर्षांवरील हलक्या वाहनासाठी ते २०२५ मध्ये १० हजार रुपये, तर आयात केलेल्या चारचाकीसाठी ८० हजार रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर २०१० पासून पर्यावरण करही आहे. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा येणाऱ्या पंधराव्या वर्षात दडलेले असते.

हिंगोलीच्या नोंदणीवर आणताना

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. हिंगोलीच्या वाहनांचा सांकेतिक क्रमांक एमएच ३८, तर परभणीचा एमएच २२. त्यामुळे या भागातील खूप जुन्या वाहनावर परभणीचा क्रमांक दिसला, तर त्यात वावगे काही नाही. मात्र मोटारहोमचा बाजार मुख्यतः पुणे, मुंबई, हैदराबाद अशा शहरांत आहे. म्हणजे हिंगोलीच्या खरेदीदाराला बहुधा बाहेरच्या जिल्ह्यातील किंवा परराज्यातील वाहन घ्यावे लागते.

महाराष्ट्रातील गाडी असल्यास तिचा क्रमांक कायम राहतो. नमुना २९ व ३० भरून मालकीचे हस्तांतरण होते. विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. परराज्यातील गाडीला नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. १२ महिन्यांहून अधिक काळ ती महाराष्ट्रात ठेवायची, तर येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील कर भरावा लागतो. दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातले. त्या निर्बंधांत पुढे न्यायालयीन आदेशांनी फेरबदल होत गेले. या निर्बंधांच्या भीतीने तेथील डिझेल गाड्या कमी भावात बाहेर पडतात. भाव मोहात पाडणारा असला, तरी ना-हरकत प्रमाणपत्र, नवा कर, नवी नोंदणी आणि प्रवासखर्च धरून बेरीज करावी. ही बेरीज केल्यावर स्वस्ताईचा मोठा भाग पुष्कळदा नाहीसा होतो.

हस्तांतरणाची घाई जितकी खरेदीदाराला, तितकीच विक्रेत्याला असावी. नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात म्हटले आहे. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी ताब्यात देण्याची पद्धत दोघांच्याही मुळावर येऊ शकते. विमाही हस्तांतरणानंतर १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यावा. ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत जुन्या मालकाची असते. ती गाडीबरोबर येत नाही.

दुरुस्ती कोठे होणार?

महानगरात न सुचणारा हा प्रश्न हिंगोलीत पहिला ठरावा. पुण्याहून हिंगोली साडेचारशे किलोमीटरच्या घरात आहे. सेनगाव किंवा कळमनुरीच्या रस्त्यावर गाडी बंद पडली, तर पुण्याचा कारागीर येणार नाही. ज्या गाडीचे सुटे भाग हिंगोलीत, निदान नांदेडला मिळतात, तीच घ्यावी. ट्रॅव्हलर किंवा देशी बसच्या सांगाड्यावरील मोटारहोम दिसायला साधे असले, तरी त्याचे काम येथील फिटरला ठाऊक असते. आयात केलेल्या देखण्या गाडीची काच किंवा क्लच मिळवण्यात महिने जाऊ शकतात. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाचे काम तालुक्याच्या गावीही होते. कॉमन रेल इंजिनाला संगणकीय तपासणी यंत्र लागते. खरेदीपूर्वी गावातील विश्वासू फिटरला दूरध्वनी करून ‘या इंजिनाचे काम कराल का?’ एवढे विचारले, तरी पुढचा मनस्ताप टळतो.

सांगाडा आणि इंजिन

पाहणी सकाळी, इंजिन थंड असताना करावी. खरेदीदार पोहोचण्यापूर्वी गाडी गरम करून ठेवलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू होताना निघालेला धूर क्षणात विरला, तर हरकत नाही. सतत निळा धूर म्हणजे इंजिन तेल पीत आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर हेडमधून पाणी शिरत असल्याची शंका घ्यावी. चढावर दाट काळा धूर म्हणजे पंप, नोझल किंवा हवेच्या मार्गात बिघाड. चालू इंजिनावर तेलाचे झाकण सैल केल्यास जोराने वाफ उसळत असेल, तर इंजिनाचे मोठे काम जवळ आले आहे.

गाडीखाली वाकून पाहणे अपरिहार्य आहे. चॅसीवरील वरवरचा गंज घासून जातो. टोकदार अवजाराने दाबल्यावर पापुद्रे सुटणारा गंज मात्र जीवावर बेतू शकतो. कमानपाटे एका बाजूला बसलेले असतील, तर गाडीवर वर्षानुवर्षे जादा भार होता असे समजावे. टायरवर चार अंकी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. मोटारहोम वर्षातून थोडे दिवसच धावते, त्यामुळे तिच्या टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र कडक होऊन तडकते. सहा वर्षांवरील टायर कितीही नवे दिसले, तरी बदलण्याचा खर्च धरावा. उभ्या राहिलेल्या गाडीला उंदरांचाही उपद्रव असतो. शेतातील आखाड्यावर किंवा सोयाबीन-हळदीच्या गोदामाजवळ ठेवलेल्या गाडीच्या तारा आवर्जून तपासाव्यात.

ओल : घराचा खरा शत्रू

मोटारहोममधील घराचा भाग इंजिनाच्या आधी मरतो आणि तो बहुधा पाण्याने मरतो. छपरातील झरोका, एसीची बैठक, खिडक्यांच्या चौकटी आणि मागच्या दाराची सांध या पाणी शिरण्याच्या जागा. आत शिरलेले पाणी प्लायवूडच्या मागे साचते आणि बाहेरून नवा लॅमिनेट चमकत राहतो. अंगठ्याने कोपरे दाबून पाहावेत. मऊ लागले, फुगीर दिसले किंवा बोटाने ठोकल्यावर आवाज बदलला, तर आत कुजलेले आहे. बंद गाडीचे दार उघडताच येणारा कुबट वास खरी माहिती देतो. उदबत्ती किंवा सुगंधी फवारा मारलेला असेल, तर संशय अधिकच वाढावा.

उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा पाहिलेली गाडी कोरडीच दिसणार. म्हणून छपरावर दहा-पंधरा मिनिटे नळीने पाणी सोडून आत बसावे. विक्रेत्याने यास नकार दिला, तर तोच निष्कर्ष समजावा. ब्रिटनमध्ये अशा वाहनांच्या राहण्याच्या भागाची स्वतंत्र तपासणी करतात आणि ओल मापकयंत्राने मोजतात. हे छोटे यंत्र येथेही विकत मिळते.

वीज आणि गॅस

विजेची जाहिरात मोठी असते, हिशेब मात्र साधा असतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, म्हणजे हाती राहतात ९०० वॉट-तास. २५ वॉटचे दोन पंखे आठ तास चालवल्यास ४०० खर्च होतात. दिवे, मोबाइल आणि लहान फ्रिज धरून एक रात्र निघते. हजार वॉटचा एसी याच बॅटरीवर तासभरही चालत नाही. त्यासाठी जनरेटर किंवा बाहेरची वीजजोडणी लागते. ‘रात्रभर एसी’ असे सांगितले जात असेल, तर तो खरेदीदारासमोर चालवून दाखवायला सांगावे.

गॅसच्या बाबतीत तडजोड नको. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साचते. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद, बाहेरून उघडणारा आणि तळाशी हवेची वाट असलेला हवा. नळीवरील तारीख पाहावी. पाच वर्षांनी ती बदलायला हवी. पलंगाखाली ठेवलेला सिलिंडर आणि बंद खिडकीशेजारची शेगडी दिसली, तर ते स्वयंपाकघर नव्याने बांधण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

भुईकाट्यावरचे सत्य

कोणत्याही वाहनाला किती वजन वाहण्याची परवानगी आहे, हे नोंदणी प्रमाणपत्रात असते. फर्निचर, टाक्या, जनरेटर यांनी त्यातील किती वाटा आधीच खाल्ला आहे, हे मात्र भुईकाट्यावर कळते. हळदीची मोठी बाजारपेठ असलेल्या हिंगोलीत भुईकाटा शोधावा लागत नाही. पुण्यात गाडी पाहिली, तर तेथेही तो मिळतो. उदाहरणार्थ, परवानगी ३,५०० किलोची आणि रिकामी गाडी ३,०५० किलो भरली, तर उरतात ४५० किलो. दीडशे लिटर पाण्याचे १५० किलो आणि पाच माणसांचे सुमारे ३२५ किलो मिळून ४७५ होतात. म्हणजे एकही पिशवी ठेवण्यापूर्वीच गाडी जादा भाराची ठरते. मग ब्रेक लांब लागतात, टायर तापतात, कमानपाटे मोडतात. हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनाला चालतो. बसच्या सांगाड्यावरील मोठे मोटारहोम त्यापुढे जात असेल, तर वेगळा परवाना लागतो.

चाचणी आणि व्यवहार

गल्लीत एक फेरी म्हणजे चाचणी नव्हे. किमान ३० ते ४० किलोमीटर, पाण्याची टाकी भरून आणि माणसे बसवून गाडी चालवावी. हिंगोलीत पाहिलेली गाडी औंढ्यापर्यंत सुमारे २५ किलोमीटर नेऊन परत आणावी. त्या रस्त्यावर वळणे, चढउतार आणि काळ्या मातीमुळे खचलेला पृष्ठभाग असे सर्व काही भेटते. स्टेअरिंगचा खेळ, एका बाजूला ओढणारा ब्रेक, दुसऱ्या गिअरची खरखर आणि कपाटांचा खडखडाट तेथे लपत नाही. परतल्यावर इंजिनाचे तापमान आणि गाडीखालची जमीन पाहावी.

व्यवहार विक्रेत्या व्यावसायिकाशी असेल, तर त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आहे का, हे विचारावे. जुन्या वाहनांच्या व्यावसायिकांसाठी असे नियम डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. रक्कम बँकेमार्फत द्यावी, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लेखी घ्यावी. खरेदीच्या रकमेखेरीज तिचा किमान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर ती गाडी परवडणारी नाही, असेच समजावे.

जुने मोटारहोम निर्दोष मिळत नाही; दोष कोणते चालतील, एवढेच ठरवायचे असते. फाटलेली गादी, बंद पंखा, उतरलेली बॅटरी, झिजलेला क्लच हे घासाघीस करण्याचे दोष आहेत. कुजलेली भिंत आणि गंजलेली चॅसी हे किंमत निम्म्यावर आणणारे दोष आहेत. न जुळणारा चॅसी क्रमांक, न नोंदवलेले रूपांतर आणि न उतरलेला बोजा हे मात्र निरोप घेण्याचे दोष होत. अशी गाडी कितीही स्वस्त आणि कितीही देखणी असली, तरी तिच्यासमोरून रिकाम्या हाताने परतणे हाच किफायतशीर व्यवहार ठरतो.